घरांना पडलेली नावं

आमच्याकडे कुणाचं घर विचारायचं असेल तर आडनाव सांगून उपयोग नाही. आमच्या आळीत चाळीसेक घरं आणि आडनावं तीन. बाप्तिस्म्याची नावंसुद्धा तीच तीच फिरत राहतात, आजोबांचं नातवाला, आजीचं नातीला. नवा पोस्टमन आला की सहा महिने याची पत्रं त्याच्या ओटीवर. म्हणून प्रत्येक घराला एक नाव पडलेलं असतं. ते कुणी ठरवून ठेवत नाही, पडतं. कुणाच्या पणजोबाची चाल, कुणाची बोलण्यातली खोड, कुणाची आयुष्यात एकदाच झालेली फजिती. माणूस मातीत जातो आणि फजिती घराला चिकटून राहते. ही नावं सगळ्यांना पाठ असतात, पण ज्याचं त्याच्या तोंडावर कुणी घेत नाही. बांधावरच्या भांडणात एखाद्याने घेतलं तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी वसईतच जन्मलो, इथल्याच शाळेत शिकलो. परक्या माणसाकडून झालं असतं तर लोक म्हणाले असते, बिचाऱ्याला काय माहीत. मला तेवढीही सोय नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार मोठा इंजिनियर समजत होतो. वसई स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही चौघं वेबसाईटी बनवणारे. नायगावच्या बिल्डरांच्या, राजोडीच्या कॉटेजवाल्यांच्या, असली कामं. दिवसातून दोनदा लाईट जायची. इन्व्हर्टर अर्धा तास दम धरायचा, तेवढ्यात सेव्ह करायचं आणि खाली चहाला जायचं. पण गावात कुणी विचारलं, काय करतोस, की मी म्हणायचो, सॉफ्टवेअर. आणि पुढे काही सांगत नसे, म्हणजे समोरच्याला आणखी मोठं वाटावं.

सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते आमच्या धर्मग्रामाच्या कामात पडले. धर्मग्राम म्हणजे एका देवळाखाली येणारी सगळी गावं, आणि देऊळ म्हणजे चर्च. आमच्यात चर्चलाही देऊळच म्हणतात. सरांच्या डोक्यात आलं, आपली इतकी माणसं आखातात, कॅनडात गेलीत, त्यांना गावातलं जन्म-लग्न-मयत कळावं म्हणून एक वेबसाईट असावी. प्रत्येक घराला एक पान, त्यावर घराचा फोटो, घरातली माणसं आणि त्या घरच्या बातम्या. सरांनी मला बोलावलं. मी म्हटलं, सर, फुकट करून देतो. आणि फुकट करतोय याचं कौतुकही गावभर करून घेतलं.

पहिली बैठक सरांच्या ओटीवर झाली. सरांच्या आई, नव्वदीला टेकलेल्या, एका कडेला बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. सगळं ठरल्यावर सर म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेव. घरांना पडलेली नावं यात कुठेही येता कामा नयेत. लोक म्हणतील, टाका हो, गंमत आहे. टाकायची नाहीत."

"सर, कुणालाही दिसणार नाहीत," मी म्हणालो. शब्द दिला.

सरांच्या घराला पडलेलं नाव मी इथे लिहिणार नाही. ते कशावरून पडलं तेवढं सांगतो. सरांच्या आजोबांनी उपासमारीच्या एका वर्षी दुसऱ्याच्या वाडीतला केळ्यांचा एक लोंगर कापला. पकडले गेले. रविवारी मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, गाव जमत असताना त्यांना देवळासमोर, तोच लोंगर खांद्यावर देऊन, उभं केलं होतं. घरात पाच पोरं उपाशी होती हे नावात येत नाही. नावात फक्त चोरी येते. सरांच्या आई त्या घरात सून म्हणून आल्या तेव्हा विहिरीवरच्या बायका एकमेकींना ते नाव घेऊनच त्यांची ओळख करून द्यायच्या. मग सर शिकले, शिक्षक झाले, अख्ख्या गावाच्या पोरांना त्यांनी त्रैराशिक शिकवलं, आणि हळूहळू लोक त्या घराला सरांचं घर म्हणायला लागले. त्याला तीस वर्षं लागली. माझ्या वयाच्यांना जुनं नाव ऐकून माहीत होतं, आमच्या मागच्या पोरांना तेही नाही. आणखी दहा वर्षांत ते आपोआप मेलं असतं.

आता कामाचं सांगतो, कारण पाप तिथे झालं.

वेबसाईट बांधायला आम्ही फ्रेमवर्क वापरायचो. म्हणजे तयार सांगाडा, खांब-तुळया आयत्या, आपण फक्त खोल्या पाडायच्या. त्यात एक फाईल असते. कुणी ब्राउझरमध्ये अमुक पत्ता टाकला तर त्याला कुठल्या पानावर न्यायचं, याची ती यादी. एका ओळीत एक रस्ता. आणि प्रत्येक रस्त्याला आपण एक टोपणनाव देऊ शकतो. मग बाकी सगळीकडे लांबलचक पत्ता लिहीत बसावं लागत नाही, टोपणनाव लिहिलं की सांगाडा बरोबर पत्ता शोधतो. उद्या पत्ता बदलला तर एकाच जागी बदलायचा. फार सोयीची गोष्ट आहे. हे टोपणनाव पाहुण्याला दिसत नाही, ते प्रोग्रामरच्या स्वयंपाकघरातलं.

घरांच्या पानांना मी नंबर दिले होते. घर एक, घर दोन, असे दीडशेपर्यंत. टोपणनावंही तशीच देता आली असती. पण घर एकशे बारा म्हणजे कोण, हे मला थोडंच आठवणार होतं? मला घरं ज्या नावांनी माहीत होती तीच नावं मी दिली. एका दुपारी बसलो आणि लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलेली नावं इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत, खटाखट टाकत गेलो. कुठे अडलं तर आईला फोन. "कशाला पाहिजेत तुला?" ती म्हणाली. "कामाला," मी म्हटलं. सरांच्या घराशी आलो तेव्हा माझा हात थांबला का? नाही थांबला. थांबला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं. उलट मला हसू आलं.

तरी तिथवर ठीक होतं. फाईल माझ्या मशीनमध्ये, कोण बघतंय?

साईट सुरू झाली. लोकांना आवडली. पण कुवेतहून माझ्या एका वर्गमित्राने लिहिलं, घरांचे नंबर कुणाच्या लक्षात राहतात, दरवेळी शोधत बसावं लागतं. माझ्या अंगात शहाणपणाचं वारं शिरलं. मी फाईलमध्ये प्रत्येक घरासाठी आणखी एक ओळ घातली आणि ते टोपणनाव हाच दुसरा पत्ता करून टाकला. साईटच्या नावापुढे एक रेघ, त्यापुढे घराला पडलेलं नाव. एंटर मारा, घर उघडलं. मित्राला कळवलं. त्याने आणखी चौघांना. आठवडाभर मला आखातातून मेल येत होती, भावा, काय डोकं चालवलंस, पोट दुखेपर्यंत हसलो. मी प्रत्येक मेल दोनदा वाचलं.

सरांना दिलेला शब्द? तो आठवत होता. मी मनाशी म्हटलं, साईटच्या एकाही पानावर एकही नाव लिहिलेलं नाही. ज्याला माहीत आहे तोच टाईप करणार, आणि ज्याला माहीत आहे त्याच्यापासून लपवायचं काय? वकिली डोकं माणसाला नको तेव्हा बरोबर सुचतं.

पुढे महिन्याभराने मी मेलची सोय केली. गावात काही झालं की सगळ्यांना एकदम मेल जाणार, खाली त्या घराच्या पानाचा पत्ता. साईटच्या पानांवरचे पत्ते मी हाताने नंबर घालून लिहिले होते. मेलमध्ये मात्र मी आळस केला, फ्रेमवर्कलाच विचारलं, या घराचा पत्ता काय ते तू घाल. आणि फ्रेमवर्क ती यादी वरून खाली वाचतं, जुळणारी पहिली ओळ सापडली की तीच देतं. टोपणनावांच्या ओळी मी वर ठेवल्या होत्या आणि नंबरांच्या ओळी त्यांच्या खाली. पहिली जुळणारी ओळ मिळते, हे मला माहीत होतं. ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीला मी ते फळ्यावर लिहून शिकवलं होतं. तरी लक्षात आलं नाही. आमच्या घराची खोटी बातमी करून एक मेल स्वतःलाच पाठवून पाहिलं, त्यात काही वावगं दिसलं नाही, खूश झालो.

त्या सोयीने गेलेली पहिली बातमी सरांच्या आईची.

सरांनी स्वतः फोन केला. सकाळचे नऊ वाजले होते. "आई पहाटे गेली," ते म्हणाले. "दफन संध्याकाळी चारला. बाहेरच्या लोकांना कळवशील का? माझी बहीण मस्कतला आहे, फोन लागत नाही." मी म्हटलं, सर, दहा मिनिटांत. आणि खरंच दहा मिनिटांत केलं. आईंचा फोटो त्यांच्या घराच्या पानावर चढवला, चार ओळी लिहिल्या, गावातले आणि परदेशातले मिळून तीनेकशे पत्ते निवडले आणि बटण दाबलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाईट वाटण्याआधी अभिमान वाटला. माझी सोय चालली याचा.

साडेतीनला देवळात पोचलो. दारापाशी सूचनांचा फळा असतो. चर्चच्या ऑफिसातल्या बाईंनी मेल छापून, चार कोपऱ्यांत चार टाचण्या लावून फळ्यावर लावलं होतं. दोघं-तिघं वाचत होते. एकाने तोंडाला रुमाल लावला होता, मला वाटलं रडतोय. त्याने वळून मला पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "वा रे इंजिनियर," तो हळूच म्हणाला. "मयतीलासुद्धा सोडलं नाहीस."

मी पुढे झालो. आईंचा फोटो, खाली नाव, वय, वेळ. त्याखाली, आदरांजलीसाठी या पानावर या. आणि त्याखाली निळ्या अक्षरांत, अधोरेखित, साईटचा पत्ता आणि त्यांच्या घराला पडलेलं नाव.

चार टाचण्या काढायला किती वेळ लागतो? एका हिसक्यात कागद फाडून खिशात घालता आला असता. पण फाडला असता तर लोकांना कळलं असतं की चूक माझी आहे. म्हणून मी तो कागद काढला नाही. त्याच्याकडे पाठ करून, फळा झाकून उभा राहिलो, सुतकी चेहरा करून. जणू मी तिथे सहज उभा आहे. माणसं येत होती, जात होती, काही जण मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून वाचत होते. मी बाजूला झालो नाही आणि कागदही काढला नाही.

मग शवपेटी आली. मागे सर, काळ्या कोटात. मी पटकन पुढे जाऊन खांदा दिला. तेही खरं तर दिसण्यासाठीच.

माती देऊन झाल्यावर लोक सरांना भेटायला रांगेत उभे राहिले. सर सगळ्यांना हात जोडून झाल्यावर एकटेच फळ्यापाशी गेले. चारही टाचण्या एकेक करून काढल्या आणि परत फळ्यावर ओळीने खोचल्या. कागदाची चार घड्यांची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी दहा हातांवर होतो.

घरी माझी आई वाट बघत होती. तिने कागद वाचला होता.

"त्या बाईने जन्मात कुणाशी वाद घातला नाही," ती म्हणाली. "विहिरीवर आम्ही सगळ्या होतो. बायका बोलायच्या आणि ती ऐकू न आल्यासारखी पाणी ओढत राहायची. साठ वर्षं तिने ऐकू न आल्यासारखं केलं. आणि तिच्या मातीला तू ते लावलंस?"

"आई, मशीनने आपोआप घेतलं ते."

"मशीनला मी फोनवर नावं सांगितली होती काय रे?"

तिने त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. ती फार काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी ओळींचा क्रम बदलला, म्हणजे पुढची मेल तरी नंबराने जावीत. मग सरांना फोन केला. "सर, काल मेलमध्ये एक तांत्रिक चूक झाली. सिस्टमने आपोआप उचललं. मला फार वाईट वाटतंय." मग सर म्हणाले, "बरं." फोन ठेवला. मला वाटलं, सुटलो. लाज वाटायला हवी होती, वाटलं सुटलो.

आठव्या दिवसाची मिस्सा झाली आणि त्यानंतरच्या सोमवारी सर ऑफिसात आले. दुपारची वेळ, जिना चढून दम लागला होता. पाणी दिलं, पण ते प्यायले नाहीत.

"ती चूक कुठे झाली ते मला दाखव," ते म्हणाले.

"सर, ते कोड आहे. तुम्हाला..."

"दाखव."

मी फाईल उघडली. दुसरं काय करणार होतो? सरांनी चष्मा बदलला, खुर्ची पुढे ओढली आणि आमच्या वह्या वाचायचे तशी ती फाईल वरून वाचायला लागले, एकेक ओळ, बोट स्क्रीनवर टेकवून. तिसऱ्या-चौथ्या ओळीला थांबले. "डावीकडे पत्ता, उजवीकडे टोपणनाव?"

"हो सर."

"म्हणजे एकास एक संगती."

"हो सर."

"ही उजवीकडची नावं सिस्टमने घातली?"

मी पाण्याचा ग्लास उचलून बाजूला ठेवला. सरांनी पुन्हा विचारलं नाही. बोट खाली सरकत राहिलं. त्यांच्या घराची ओळ आली, तिथे ते क्षणभरही थांबले नाहीत, इतर ओळींना जेवढा वेळ दिला तेवढाच दिला. शेवटपर्यंत गेले. मग परत वर आले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे कुणाचं घर?"

"आमचं, सर."

त्या ओळीत माझ्या वडिलांचं नाव होतं, पुढे आडनाव. पूर्ण. बाकीची सगळी लहान अक्षरांत, या एका नावाचं पहिलं अक्षर मोठं.

"तुमच्या घराला असं कुणी म्हणत नाही," सर म्हणाले.

म्हणत नाहीतच. आमच्या घराला नाव आहे, तेही चांगलं खणखणीत. माझी पणजी लग्नाच्या मांडवाच्या मागच्या बाजूला पातेलं घेऊन उभी राहायची, पंगत उठली की उरलेलं मागून न्यायची. तिलाही पोरं होती. त्यावरून पडलं. त्या दुपारी मी दीडशे घरांची नावं हसत हसत लिहिली आणि आमच्या घराशी आलो तेव्हा हात आपोआप वडिलांच्या नावाकडे वळला. मी विचारसुद्धा केला नाही, इतकं ते सहज झालं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, म्हणतात ना, तसलाच मी. आणि म्हणूनच चाचणीच्या मेलमध्ये मला काही वावगं दिसलं नव्हतं. मी पाठवलेलं आमच्या घराचं मेल होतं, त्यात वडिलांचं नाव आलं होतं. ते चांगलंच दिसणार.

"चुकून राहिलं, सर," मी म्हणालो. माझं मलाच ते ऐकवेना.

सरांनी चष्मा काढला. "तू नववीत असताना मी दोन मुलांना आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. कशासाठी, आठवतं तुला?"

आठवत होतं. ती दोघं मधल्या सुट्टीत मला माझ्या घराच्या नावाने हाका मारायची. मी डबा टाकून स्टाफरूमच्या दारात रडत उभा राहिलो होतो. सरांनी मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती दोघं बाहेर होती, आणि नंतर पुन्हा त्या शाळेत माझ्यासमोर ते नाव कुणी घेतलं नाही.

"आठवतं," मी म्हटलं.

मला काहीतरी करायला हवं होतं, नुसतं बसवत नव्हतं. मी म्हटलं, "सर, ही सगळी नावांची ओळ न ओळ मी काढून टाकतो. तुमची आत्ता काढतो, तुमच्यासमोर."

"काढलीस की काय होईल?"

"त्या पत्त्यावर मग काही उघडणार नाही."

"लोकांना मेल गेलंय त्यात तोच पत्ता आहे ना? त्यांनी दाबलं तर काय दिसेल?"

"पान सापडलं नाही, असं दिसेल."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "माझी बहीण अजून आलेली नाही. तिला रजा मिळाली नाही. ती रोज ते मेल उघडून आईचा फोटो बघते, मला फोनवर सांगत होती. तिला दुसरं काही येत नाही त्या मशीनमधलं. ते तेवढं दाबता येतं."

मी म्हटलं, त्याला उपाय आहे. त्या पत्त्यावर कुणी आलं की त्याला नंबराच्या पत्त्यावर ढकलून द्यायचं, म्हणजे वर पट्टीत नाव दिसणार नाही, नंबर दिसेल. पान उघडेल.

"पण ढकलायला ती ओळ ठेवावी लागेल," सर म्हणाले. गणिताचे शिक्षक, त्यांना लगेच कळलं.

"हो सर. ओळ ठेवावी लागेल."

"म्हणजे नाव राहणार."

"फाईलमध्ये राहणार, सर."

त्यांनी कोटाच्या खिशाला हात लावला, जिथे तो कागद ठेवला होता तिथे. कोट तोच होता. "राहू दे," ते म्हणाले. "आईचं पान उघडलं पाहिजे." तीस वर्षं ज्या नावाला त्यांनी मरू दिलं होतं, त्याला त्यांनी माझ्या खुर्चीशेजारी बसून स्वतःच्या तोंडाने राहू दिलं. मला खाली मान घालूनही धड बसता येत नव्हतं.

उठताना ते म्हणाले, "यादी मात्र पूर्ण कर. एक ओळ चुकली आहे." गृहपाठ सांगायचे त्याच आवाजात.

"हो सर," मी म्हणालो.

मी केली नाही. पहिल्या आठवड्यात म्हटलं कामं आहेत. मग म्हटलं, आता बाकी सगळ्यांच्या ओळी ढकलण्याच्या झाल्यात, पट्टीत कुणाचंच नाव दिसत नाही, आमचं घातलं काय नि न घातलं काय. मग नाताळ आला. कन्फेशनला गेलो तेव्हा फादरांना सांगितलं, माझ्यामुळे एका वडीलधाऱ्यांचं मन दुखावलं. एवढंच. फादरांनी एक प्रार्थना सांगितली, ती मी तिथेच म्हणून मोकळा झालो.

सर्व्हरवर एक नोंद आपोआप होत असते, कुणी कुठला पत्ता मागितला आणि तो सापडला की नाही याची. जानेवारीत एकदा सहज चाळत होतो तर तिथे मला आमच्या घराला पडलेलं नाव दिसलं. इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत. पुढे शेरा, पान सापडलं नाही. आता कोण हरामखोर आपली गंमत करतोय म्हणून मी शोधायला लागलो. मंगळवार सकाळ, सव्वादहा, चर्चच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. मंगळवारी सकाळी त्या कॉम्प्युटरवर सर बसायचे.

पुढच्या महिन्यात पुन्हा एका मंगळवारी. मग एप्रिलमध्ये. वही आणायला सांगून न आणणाऱ्या मुलाला मधूनमधून विचारावं तसं. आणि रविवारी देवळाबाहेर भेटले की सर मला आईची तब्येत विचारायचे, नोकरी कशी चाललीय विचारायचे. त्या ओळीबद्दल एकदाही नाही. एप्रिलनंतर त्या नोंदीत आमच्या घराचं नाव आलं नाही. मला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचं वाईट वाटलं. पण ओळ काही लिहिली नाही.

दोन वर्षांनी धर्मग्रामाने साईट दुसऱ्या एका कंपनीकडे द्यायचं ठरवलं. सगळं सीडीवर भरून चर्चच्या ऑफिसात द्यायचं होतं. देण्याआधी मी ती फाईल उघडून वरून खाली वाचली. सरांच्या घराची ओळ जागेवर होती, आईंचं पान उघडत होतं. आमच्या घराच्या ओळीशी आलो. वडिलांचं नाव खोडलं, पडलेलं नाव टाईप केलं. स्वतःच्या हाताने मी ते पहिल्यांदाच लिहीत होतो. पाच-दहा सेकंद त्याच्याकडे बघत राहिलो. मग ते खोडून वडिलांचं नाव परत लिहिलं, पहिलं अक्षर मोठं.

ऑफिसात सरच होते. त्यांनी सीडी घेतली, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि सही करण्यासाठी पेन माझ्याकडे दिलं.

"यादी पूर्ण आहे?" त्यांनी विचारलं.

"हो सर," मी म्हणालो आणि सही केली.